बाहुल्यांचं जग, एकाच चेहऱ्याचं

लॉस एंजेलिसजवळच्या अनाहाइम शहरातल्या डिस्नीलँडमध्ये मॅटरहॉर्नच्या खोट्या डोंगराला वळसा घालून उत्तरेच्या टोकाला गेलं, की एक पांढरी-सोनेरी दर्शनी भिंत समोर येते. एकापुढे एक उभे केलेले सपाट मनोरे, मिनार, कमानी आणि फिरती चक्रं. त्यात आयफेल टॉवरची आठवण करून देणारा एक आकार आहे, पिसाच्या कललेल्या मनोऱ्याची आठवण करून देणारा दुसरा. मधोमध भलंमोठं घड्याळ, त्याला हसरा चेहरा. टिक-टॉकच्या तालावर तो चेहरा सतत डावीकडे-उजवीकडे डोलत असतो. दर पाव तासाने घड्याळाखालची दारं उघडतात, बाहुल्यांची मिरवणूक बाहेर पडते, गोल फिरून आत जाते. पार्कभर फिरणारी आगगाडीही या इमारतीच्या पोटातून आरपार निघते. हे सगळं बघून झाल्यावर लक्षात येतं, की खरी गंमत अजून आतच आहे आणि रांग सरकत आपण होडीच्या धक्क्यापर्यंत आलोसुद्धा.

‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ ही ती राइड. जगातल्या मुलांच्या बाहुल्या, त्यांच्यामधून संथ वाहणारी होडी, आणि एकच गाणं. साधारण पंधरा मिनिटं.

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे राहायला गेलेल्या मराठी आई-बाबांच्या फोनमध्ये या घड्याळासमोरचा एक फोटो बहुतेक असतोच. आईच्या पायात स्पोर्ट्स शूज आणि वर पंजाबी ड्रेस, बाबांच्या डोक्यावर नवी कॅप, कडेवर नातवंड. त्यामागे साधं कारण आहे. डिस्नीलँडमधल्या जोरकस राइडच्या दाराशी उंची मोजायची पट्टी असते आणि पाठदुखी, रक्तदाब, गरोदरपण असल्यास बसू नये अशी पाटी असते. इथे उंचीची अट नाही. तान्हं बाळ, गुडघे बदललेली आजी आणि रोलर कोस्टरच्या रांगेत उभं राहायचा कंटाळा आलेला चौदा वर्षांचा नातू हे तिघं एकाच होडीत बसू शकतात. पूर्ण दिवसाचं महागडं तिकीट काढून आलेल्या कुटुंबाला सगळ्यांनी मिळून करता येतील अशा गोष्टी अशा पार्कमध्ये फार थोड्या असतात, हे तिथे गेल्यावरच कळतं. २०१५ साली अमेरिकेतल्या मराठी लोकांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन अनाहाइमच्याच कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरलं होतं, डिस्नीलँडपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. त्या जुलैत या होड्यांमधून बरंच मराठी ऐकू आलं असणार.

मला ही राइड आवडते. आणि ती जे सांगते असं म्हणतात, ते मला पुरतं पटत नाही. या दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकलेल्या बऱ्या.

ती मुळात डिस्नीलँडसाठी बांधलेलीच नव्हती. १९६४-६५ साली न्यूयॉर्कच्या फ्लशिंग मेडोज भागात जागतिक मेळा भरला. त्यासाठी वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने चार वेगवेगळ्या प्रायोजकांची दालनं करून दिली. फोर्ड, जनरल इलेक्ट्रिक आणि इलिनॉय राज्य यांची कामं आधीच हातात होती. पेप्सी-कोला सगळ्यांत उशिरा आली. पेप्सीला युनिसेफच्या नावाने दालन काढायचं होतं, पण काय काढायचं यावर कंपनीत एकमत होत नव्हतं. अभिनेत्री जोन क्रॉफर्ड ही पेप्सीच्या दिवंगत प्रमुखाची पत्नी आणि संचालक मंडळाची सदस्य. तिने डिस्नेकडे जायचा आग्रह धरला, असं सांगतात. हाताशी वर्षभराचाही वेळ नव्हता. डिस्नेच्या लोकांना वाटलं, मालक नाही म्हणतील. मालकांनी हो म्हटलं आणि मेरी ब्लेअरला बोलावून घेतलं.

या राइडचा आत्मा कुठे असेल तर तो या बाईच्या हातात होता. १९११ साली ओक्लाहोमात जन्मलेली मेरी ब्लेअर आधी डिस्नेच्या स्टुडिओत संकल्पनाचित्रं काढायची. ‘सिंड्रेला’, ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’, ‘पीटर पॅन’ या चित्रपटांचे रंग कसे असावेत, हे तिच्या छोट्या छोट्या चित्रांवरून ठरत असे. १९४१ मध्ये वॉल्ट डिस्ने आपल्या काही कलाकारांना घेऊन दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, त्यात ती होती. तोवर ती मवाळ जलरंगात काम करायची. तिकडून परतली ती गुलाबीशेजारी भगवा आणि जांभळ्याशेजारी पोपटी बिनधास्त ठेवायला शिकूनच. १९५३ मध्ये तिने स्टुडिओ सोडला आणि जाहिराती, मुलांची पुस्तकं यांत रमली. मेळ्याच्या निमित्ताने ती परत आली, आणि यावेळी तिचं चित्र पडद्यावर जाताना पातळ झालं नाही. लोक थेट तिच्या चित्राच्या आत होडीतून शिरू लागले.

होडी आत शिरते तेव्हा पहिल्यांदा थंड हवा लागते. कॅलिफोर्नियाच्या उन्हात अर्धा दिवस तळून निघालेल्या माणसाला एवढ्यानेही राइड आवडून जाते. पुढे बर्फावर घसरणारी मुलं, मग युरोप: लंडनचे शिपाई, हॉलंडची पवनचक्की, बॅगपाइप, व्हेनिसची होडी. सूर्य आणि चंद्र दोघांनाही चेहरे आहेत. पण होडीच्या उजव्या-डाव्या कडेला वाकून जवळून बघावं. फुलं कापलेली आहेत, घडवलेली नाहीत. प्राण्यांच्या अंगावर टिकल्या, चमकी, लोकरीचे गोंडे, चिकटवलेले मणी आहेत. रोली क्रंप नावाच्या कलाकाराच्या हाताखाली खेळणी तयार झाली, आणि बऱ्याच ठिकाणी ती हाताने केलेली दिसतात, त्यांचे सांधे दिसतात. गाणं जरा मंदावलं की बाहुल्यांच्या उघडमीट करणाऱ्या पापण्यांची टकटकही ऐकू येते. लहान मुलांना ती आवडते. काही मोठ्यांना तिचीच भीती वाटते.

कपडे अ‍ॅलिस डेव्हिसने केले. देशोदेशींचे वेश शोधून, खरं कापड वापरून. तिची एक हकिगत प्रसिद्ध आहे. पॅरिसच्या दृश्यात कॅन-कॅन नाचणाऱ्या बाहुल्यांना तिने घोट्यापर्यंत लांब विजारी घातल्या. वॉल्ट डिस्नेने विचारलं, एवढ्या लांब का? तिने उत्तर दिलं, हा कुटुंबासाठीचा कार्यक्रम आहे असं तुम्हीच सांगितलंत. बाई हजरजबाबी होत्या.

याच पॅरिसमध्ये एक गोष्ट हेरून ठेवावी. आयफेल टॉवरच्या निम्म्या उंचीवर हातात फुगा धरलेली सोनेरी केसांची एक मुलगी आहे. ती म्हणजे मेरी ब्लेअर. सहकाऱ्यांनी तिला तिथे बसवली. होडीतल्या बहुतेकांचं लक्ष तेव्हा समोरच्या नाचाकडे असतं, त्यामुळे वर बघायचं राहून जातं.

होडीला इंजिन नाही. पाण्याचा प्रवाह आणि कालव्यात बसवलेले पाण्याचे झोत तिला ढकलतात. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅरो डेव्हलपमेंट या कंपनीने ही यंत्रणा बसवली. मेळ्यात गर्दी मोठी असणार हे माहीत होतं, आणि एकामागून एक न थांबता सुटणाऱ्या होड्यांना ती झेपली. दोन हंगामांत एक कोटीच्या आसपास लोक फिरून गेले. मोठ्यांना ९५ सेंट आणि मुलांना ६० सेंट तिकीट होतं आणि उत्पन्न युनिसेफला गेलं. या यशाचा परिणाम दूरवर झाला. डिस्नीलँडमधलं ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ आधी चालत बघायचं प्रदर्शन म्हणून आखलं होतं. न्यूयॉर्कच्या होड्या बघितल्यावर त्याचाही जलमार्ग झाला. म्हणजे पुढे चित्रपट निघालेल्या त्या समुद्री चाच्यांची होडीसुद्धा या बाहुल्यांच्या उपकाराची.

आता गाणं. आधीची कल्पना अशी होती की प्रत्येक देशाच्या बाहुल्यांनी आपापलं राष्ट्रगीत गायचं. राइडच्या प्रतिकृतीमधून फिरताना ती सगळी एकाच वेळी कानावर आदळली आणि नुसता गोंगाट झाला. मग वॉल्ट डिस्नेने रॉबर्ट आणि रिचर्ड शर्मन या भावांना सांगितलं की एकच गाणं करा, सोपं, कुठल्याही भाषेत म्हणता येईल असं. भावांनी कारागिरी अशी केली की कडवं आणि ध्रुपद एकाच वेळी, एकमेकांवर म्हटलं तरी जुळतं. हे साधंसुधं काम नाही. होडी एका दालनातून दुसऱ्यात जाताना मागचं आणि पुढचं संगीत एकमेकांत मिसळतं, तरी कानाला खटकत नाही, ते यामुळे. शर्मन बंधूंनी ते आधी संथ, प्रार्थनेसारखं रचलं होतं. १९६२ च्या क्युबा क्षेपणास्त्र संकटाची धास्ती तेव्हा ताजी होती. डिस्नेने सांगितलं, लय वाढवा.

लय वाढली, आणि त्याबरोबर जगाच्या डोक्याचा ताप वाढला, असं म्हणणारेही आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हे ध्वनिमुद्रण २०२२ मध्ये जपून ठेवायच्या राष्ट्रीय यादीत घेतलं. दुसऱ्या बाजूला, २००९ मध्ये होड्या बंद पडल्या तेव्हा व्हीलचेअर वापरणारा एक अपंग प्रवासी शेवटच्या दालनात अर्ध्या तासाच्या आसपास अडकून पडला. बाकीच्यांना उतरवलं, त्याला बाहेर काढायची सोय नव्हती, आणि सगळा वेळ गाणं चालूच. खटला झाला, २०१३ मध्ये त्याला ८ हजार डॉलर भरपाई मिळाली. बातमी वाचून लोक हसले. मला हसू आलं नाही. उतरायच्या धक्क्याआधी होड्या एकामागे एक खोळंबतात, तेव्हा पाच मिनिटांतच माणूस कासावीस होतो.

पण माझी खरी तक्रार गाण्याबद्दल नाही. बाहुल्यांचे चेहरे ब्लेन गिब्सन या शिल्पकाराने घडवले, आणि तो चेहरा मुळात एकच आहे. तेच गोल गाल, तेच छोटं नाक, तेच डोळे. त्वचेचा रंग बदलला, केस बदलले, टोपी बदलली की देश बदलला. यामागचा हेतू चांगला होता: आतून सगळी मुलं सारखीच. पण पंधरा मिनिटं हे बघत गेलं की उलटं वाटू लागतं. जणू फरक फक्त कपड्यांचा असतो. भारताची पाळी येते ती ताजमहालापाशी. आपल्यातले तिथे ‘ते बघ, इंडिया!’ म्हणून मोबाइल उचलतात, आणि फोटो नीट यायच्या आत होडी पुढे सरकते. शंभर कोटींहून जास्त माणसांच्या देशाच्या वाट्याला एक कमान आणि काही बाहुल्या येतात. आफ्रिकेच्या वाट्याला तर एक अख्खा खंड मिळून मुख्यतः प्राणीच. शेवटच्या दालनात सगळ्या बाहुल्या पांढऱ्या कपड्यांत एकत्र नाचतात. एकोप्याचं हे चित्र दिसायला सुंदर आहे, पण एक व्हायचं तर सगळ्यांनी पांढरं नेसायचं, हे काही मला झेपत नाही.

यावर फार मोठ्याने बोलायचा अधिकारही आपल्याला नाही. आपल्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये ‘विविधतेत एकता’ नावाचा नाच बसवतात, त्यात एकाच वर्गातली दहा मुलं दहा राज्यं होतात. पंजाब म्हणजे पगडी आणि भांगडा, बंगाल म्हणजे लाल काठाची साडी, आणि महाराष्ट्राला नऊवारी नेसून डोक्यावर कोळणीची पाटी. विदर्भातल्या पालकांनी त्यावर आक्षेप घेतल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आपण टाळ्या वाजवतो, कारण त्यात आपलं पोर असतं. डिस्नेच्या राइडला आपण टाळ्या वाजवतो त्या बहुधा याच न्यायाने.

काळही लक्षात घ्यायला हवा. २२ एप्रिल १९६४ ला मेळा उघडला, त्या दिवशी मेळ्याच्या आवारात कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी निदर्शनं झाली आणि कार्यकर्त्यांना अटक झाली. नागरी हक्कांचा कायदा व्हायला तेव्हा दोन महिन्यांहून जास्त अवधी होता. अशा वेळी काळ्या, गोऱ्या, पिवळ्या बाहुल्यांना एका रांगेत, एका उंचीवर, एका सुरात गायला लावणं हे आज वाटतं तितकं गुळमुळीत नव्हतं. त्याच वेळी बाहेर खरी माणसं पोलिसांच्या गाडीत चढवली जात होती, हेही खोटं नाही. ही राइड दोन्हीच्या मधे उभी आहे. म्हणून मला ती जगाचा धडा म्हणून नाही, तर १९६४ ची एक कलाकृती म्हणून बघावीशी वाटते. संग्रहालयात भिंतीवर टांगलेलं चित्र बघतो तशी. फक्त हे चित्र ओलं आहे आणि ते गातं.

मेळा १९६५ च्या ऑक्टोबरात संपला. बाहुल्या अनाहाइमला आल्या आणि २८ मे १९६६ ला डिस्नीलँडमध्ये राइड उघडली. उद्‌घाटनाला मुलांनी जगातल्या समुद्रांचं आणि नद्यांचं पाणी आणून कालव्यात ओतलं. न्यूयॉर्कमध्ये दाराशी क्रंपने केलेला १२० फुटांचा फिरत्या चक्रांचा मनोरा होता, तो मात्र आला नाही. त्याच्या जागी आजची घड्याळाची भिंत आली. पुढे फ्लोरिडा (१९७१), टोकियो (१९८३), पॅरिस (१९९२) आणि हाँगकाँग (२००८) इथेही हीच राइड झाली. तरी जाणकार अनाहाइमचीच खरी मानतात, आणि त्यात नुसता गावाचा अभिमान नाही. मेळ्यासाठी केलेल्या मूळ राइडचा वारसा इथेच आहे.

म्हणूनच २००८-०९ चा वाद चिघळला. होड्या आणि कालवा बदलायला २००८ मध्ये राइड बरेच महिने बंद ठेवली. होड्या तळाला घासतात, कारण माणसं जाड झालीत, अशा बातम्या छापून आल्या. कंपनीने हे नाकारलं. पण खरी ठिणगी पडली ती वेगळ्याच गोष्टीवरून. बाहुल्यांमध्ये आता डिस्नेच्या चित्रपटांतली पात्रं बसवणार, असं कळलं. मेरी ब्लेअरच्या कुटुंबीयांनी जाहीर विरोध केला. कंपनी मागे हटली नाही. फेब्रुवारी २००९ पासून इंग्लंडमध्ये अ‍ॅलिस आहे, अरबी दृश्यात अल्लादीन आहे, चीनमध्ये मुलान, आणि अमेरिकेचं म्हणून एक वेगळं दृश्य.

पात्रं ब्लेअरच्या शैलीत केली आहेत, हे मान्य. मुलांना ती शोधायला मजा येते, हेही मान्य. ‘आजी, ती बघ मुलान!’ म्हणून ओरडणाऱ्या नातीला कोण काय बोलणार? पण याआधी मूल चीनच्या दृश्याकडे बघताना निदान चीन बघत होतं. आता ते कंपनीचा माल बघतं. तोवर भोळेपणा हा या राइडचा दोष होता, हिशेबीपणा नव्हता. एका चेहऱ्याच्या बाहुल्यांनी जगाचं केलं नाही तेवढं नुकसान या पाच-पंचवीस ओळखीच्या पाहुण्यांनी राइडचं केलं, असं माझं मत आहे.

सगळेच बदल वाईट नाहीत. २०२२ मध्ये व्हीलचेअरवर बसलेल्या दोन बाहुल्या आल्या, आणि त्या आल्याचा गाजावाजा संपल्यावर पाहिल्या तर त्या तिथे कायमच्याच होत्या असं वाटतं. रिचर्ड शर्मन मे २०२४ मध्ये, ९५ व्या वर्षी वारला. त्याने लिहिलेलं एक नवं कडवं जुलै २०२५ मध्ये, डिस्नीलँडच्या सत्तराव्या वाढदिवसाला, राइडच्या शेवटी जोडलं गेलं. साठ वर्षांपूर्वीच्या गाण्याला त्याच माणसाने जोडलेलं कडवं म्हटल्यावर फार तक्रार करता येत नाही.

जाणार असाल तर दुपारी जा, बाहेर ऊन तापलेलं असताना. होडीत चढताना पाय खाली टाकावा लागतो. आजीला आधी चढवावं आणि बाळाला नंतर हातात द्यावं. व्हीलचेअरसाठी वेगळ्या होडीची सोय आहे, कर्मचाऱ्याला तसं सांगायचं. मागची-पुढची होडी आपल्या होडीला ठोकते, तेव्हा हात काठावर ठेवू नका. नोव्हेंबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत नाताळची सजावट असते. तेव्हा गाण्यात ‘जिंगल बेल्स’ मिसळतात आणि दर्शनी भिंत दिव्यांनी भरून जाते. ब्लेअरचे रंग बघायचे असतील तर हे दिवस टाळावेत. रोषणाई बघायची असेल तर याच दिवसांत अंधार पडल्यावर जावं, आणि रांग दुप्पट धरावी.